रवळूची हजेरी

ही गोष्ट कोणत्या राज्यातली आणि कोणत्या शतकातली, हे मला विचारू नका. जिथे नदी आहे, नदीवर कर आहे आणि त्या करावर चिडलेली माणसे आहेत, तिथे ती कुठेही घडू शकते. त्या राज्यात वक्तृत्वविद्या शिकवणारे एक वृद्ध आचार्य राहत असत. त्यांची शिकवण्याची रीत जगाच्या उलटी होती. शिष्य बोलायला उभा राहिला की आचार्य त्याच्याकडे पाठ करून बसत आणि ऐकणाऱ्यांची तोंडे न्याहाळत. ऐकणारे कुणी नसले, तर त्या दिवशी शिष्याला बोलूच देत नसत.

एके काळी त्यांच्यापाशी दोन शिष्य होते. एक बोलण्यात असा तरबेज, की त्याने नुसते ऊन पडले आहे असे म्हटले तरी लोक सावली शोधू लागत. दुसरा रवळू, नावाडणीचा मुलगा. चार माणसांत तोंड उघडायचे म्हटले की रवळूला दरदरून घाम फुटे. आचार्यांनी त्याला ठेवून घेतले ते त्याच्या कानांसाठी. पहिल्या शिष्याच्या बोलण्यात एखादे वाक्य नुसते देखणे आणि आतून पोकळ असले, की रवळूचा हात आपसूक कानामागे जाई आणि तो कान खाजवू लागे. आपण असे करतो हे त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते. शिष्य चिडे, हुज्जत घाले, दिवसभर अबोला धरी, आणि मग मुकाट्याने ते वाक्य काढून टाकी. दोघे भावासारखे होते असे लोक म्हणत. मला ते पटत नाही. भाऊ एकमेकांचे इतके ऐकून घेत नाहीत.

पुढे त्या प्रांताच्या सुभेदाराने नदीवर कर बसवला. नदी पायी ओलांडायच्या उतारावरून पलीकडे जायला कर, घागर भरायला कर, गुरे पाण्यावर न्यायलाही कर. खोऱ्यातली माणसे खवळली. डोंगरातला एक धिप्पाड, सरळ मनाचा शेतकरी पुढे झाला आणि लोक त्याला नाईक म्हणू लागले. दोघेही शिष्य नाईकांना जाऊन मिळाले. पहिला त्यांची भाषणे रचू लागला; लोक त्याला पंडित म्हणत. रवळू उतारावर गेला. तिथे या काठापासून त्या काठापर्यंत जाड दोर बांधलेला असे, आणि त्या दोराला धरून बंडखोर पलीकडे जात. तो दोर सांभाळणे हे रवळूचे काम.

एका पुरात सुभेदाराचे स्वार उतारावर चालून आले. रवळूने दोर धरून ठेवला, इतर सगळे पार झाले, आणि तो स्वतः प्रवाहात गेला. परत आलेल्यांनी सांगितले, की शेवटी तो काहीतरी ओरडला, पण पाण्याच्या आवाजात काही कळले नाही. देह सापडला नाही.

शिष्य कित्येक दिवस कुणाशी बोलला नाही. आणि बोलला तो एकदम हजारोंशी. त्याने नाईकांसाठी असे भाषण रचले की तसे त्या खोऱ्याने ऐकले नव्हते. त्यात रवळू छातीएवढ्या पाण्यात एकटा उभा होता, समोर स्वारांची रांग होती, आणि प्राण जाताना तो म्हणाला होता, "पाण्याला मालक नाही!" भाषण संपल्यावर शिष्याने स्वतः पुढे येऊन आजवर पडलेल्यांची नावे एकेक करून पुकारली, आणि प्रत्येक नावाला सगळ्या सभेकडून 'हजर!' म्हणवून घेतले. रवळूचे नाव सर्वांत शेवटी आले. तेव्हा उठलेला तो गजर ऐकून, म्हणतात, पलीकडच्या काठावरचे पहारेकरी चौकी सोडून पळाले.

तेव्हापासून प्रत्येक सभा हजेरीने संपू लागली. रवळूची आई विठाई हिला पुढे घोंगडीवर मानाने बसवत. तिने रडायचे नाही, असे ठरून गेले होते. कुणी तिला बजावले नव्हते, पण भाषणातच एक वाक्य होते, 'जो हजर आहे त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आणू नका.' म्हातारीने मुलाचे दिवसही घातले नव्हते. सभेत ती ताठ बसे आणि घरी जाऊन चुलीपुढे तशीच ताठ बसून राही.

आणि शिष्य? त्याचे नाव दूरवर गेले. तो जिथे जाई तिथे माणसे उठून उभी राहत. पण त्याला एक गोष्ट कुणाला सांगता येत नव्हती. नवे भाषण रचले की वाचून दाखवायला आता कुणी नव्हते. ज्याला दाखवावे तो म्हणे, "वा पंडित!" एखाद्या वाक्याचा संशय आला, तर तो ते समोरच्या रिकाम्या जागेला म्हणून दाखवी आणि वाट पाही. रिकाम्या जागेला हात नसतात. मग ते वाक्य तसेच राहून जाई.

असेच दिवस चालले असताना एका सभेला आचार्य आले. खूप थकले होते, काठीच्या आधाराने चढण चढून आले. शिष्याला भरून आले. त्याने त्यांना अगदी पुढे, विठाईच्या शेजारी बसवले. नाईक बोलायला उभे राहिले आणि आचार्य बसल्या जागी वळले. नाईकांकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून, संपूर्ण भाषणभर तसेच बसले. कुजबुज सुरू झाली. नाईकांचे रक्षक एकमेकांकडे पाहू लागले. शिष्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. हजेरी झाली, रवळूच्या नावाला आभाळ दणाणले, तरी म्हाताऱ्याने मान वळवली नाही.

सभा उठल्यावर शिष्याने त्यांना गाठले. "आचार्य, आपण नाईकांचा चारचौघांत अपमान केलात."

"मी तर माझ्या नेहमीच्या रीतीनं बसलो होतो," आचार्य म्हणाले. "तू विसरलास, त्याला मी काय करू?"

शिष्य वरमला. मग न राहवून त्याने विचारले, "काय दिसलं?"

"तुझी विद्या फार वाढली आहे. मैदानात प्रत्येकाची मूठ आवळलेली होती. 'हजर' म्हणताना सगळी तोंडं उघडली." आचार्य थांबले. "एक तोंड तेवढं मिटलेलं होतं. तिकडे कडेला, मोहाच्या झाडाखाली. घोंगडी पांघरलेला, काठीवर भार देऊन उभा असलेला मनुष्य. आणि नाईकांनी रवळूचे अखेरचे शब्द सांगितले ना, तेव्हा तो कान खाजवत होता."

शिष्य लहान मुलासारखा धावत सुटला.

मोहाच्या झाडापलीकडे ओढा होता. ओढ्याच्या काठी तो मनुष्य एक पाय लांब करून बसला होता. वाळला होता, दाढी वाढली होती, तरी चुकण्यासारखा नव्हता. आता इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि ती सांगताना मला शिष्याची कीव येते. ज्याच्यासाठी तो रिकाम्या जागेशी बोलत होता तो जिवंत समोर बसला होता, आणि शिष्याच्या मनात पहिला विचार आला तो असा: आता हजेरीचे काय करायचे?

विचार आला आणि गेला. पण रवळू तोंडे वाचण्यातच वाढलेला. त्याने तो पाहिला.

"भ्यालास व्हय, गड्या?" तो म्हणाला.

शिष्य त्याच्या गळ्यात पडला. दोघेही रडले. मग रवळूने सांगितले, की पाण्याने त्याला फार खाली नेऊन टाकले, कुंभारांनी बाहेर काढले, मांडीचे हाड मोडले होते ते वाकडे जुळले, आणि काठी टेकत चालता येऊ लागल्यावर तो निघाला.

"आईला भेटलास?"

"न्हाई. येशीपातूर गेल्तो."

"मग?"

"पारावर मानसं बसली हुती. मला कुनी वळखलं न्हाई. मलाच सांगाय लागली, रवळू कसा हुबा ऱ्हायला त्ये. म्या आपलं इचारलं, आन त्यो जित्ता परत आला तर? तर एकजन म्हनला, जित्ता यील त्यो रवळूच न्हवं. रवळू मागं फिरनारा गडी न्हवता. जित्ता आला म्हंजी पळाला." रवळूने ओढ्यात खडा टाकला. "तुझा रवळू लई मोठा झालाय, गड्या. आता त्येच्या घरात म्या कुठं मावनार? आईला त्यो पायजे का म्या, ह्येच मला कळंना झालंय."

शिष्याने विचारले, "तू पुरात खरं काय ओरडला होतास?"

"दोर वढा रं, म्हनलो. बुडनारा दुसरं काय म्हननार?" रवळू जरासा हसला. "कुनी वढला न्हाई. आवाज पोचला नसंल."

शिष्य नाईकांकडे गेला. नाईक भाकरी खात होते. रवळू जिवंत असल्याचे ऐकून त्यांचा घास हातातच राहिला, डोळे भरले. माणूस वाईट नव्हता, हे लक्षात ठेवा. पण जरा वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि ते विचार करू लागले.

"पंडित, पुढच्या सभेनंतर आपल्याला उताराकडं निघायचंय," ते म्हणाले. "पोरं रवळूच्या नावावर पाण्यात उतरणार आहेत. त्यांना काय सांगू? तो दोर ओढा म्हणून ओरडत होता? जिवंत रवळू एका घराचा आहे. मेलेला रवळू सगळ्या खोऱ्याचा आहे. त्याला बैलजोडी दे, चांगली जमीन बघून दे, आणि जिथं त्याला कुणी ओळखत नाही तिथं नेऊन पोचव."

वाक्य देखणे होते. एका घराचा, सगळ्या खोऱ्याचा. घाट अगदी शिष्याच्याच हातचा. नाईकांना असे बोलायला त्यानेच शिकवले होते. आणि ते ऐकता ऐकता शिष्याचा हात आपसूक स्वतःच्या कानामागे गेला.

तो आचार्यांना शोधत नदीवर आला. संध्याकाळ होत होती. आचार्य पाण्यात पाय सोडून बसले होते. शिष्य त्यांच्याजवळ बसला.

"नाईकांची लढाई खोटी आहे का, आचार्य?"

"छे. कर अन्यायाचाच आहे. मीही तो भरत नाही. हे बघ, पाय धुतोय, आणि एक कवडी दिलेली नाही." म्हातारा हसला आणि मग गंभीर झाला. "लढाई खरी आहे म्हणूनच मला वाईट वाटतं. बाळ, वक्त्याला मेलेल्या माणसासारखा सोयीचा माणूस नाही. तो मध्येच बोलत नाही. त्याच्या तोंडात घातलेले शब्द तो थुंकून टाकत नाही. तू रवळूवर प्रेम केलंस, हे मला ठाऊक आहे. पण त्याची जागा रिकामी ठेवण्याचं धैर्य तुला झालं नाही, म्हणून तू तिथं एक पुतळा बसवलास, आणि आता माणूस आला तर पुतळा हलेना. हजारो लोकांना तू 'हजर' म्हणायला शिकवलंस. ज्याचं नाव पुकारलं त्याच्यासाठी मात्र एक क्षण थांबला नाहीस. पाण्याला मालक नाही म्हणता म्हणता तू एका माणसाचा मालक होऊन बसलास."

शिष्याने मान खाली घातली. पाणी वाहत होते. "मग मी काय करू?"

"नाव पुकार आणि थांब. मी तुला बोलायला शिकवलं त्याच्या आधी थांबायलाच शिकवलं होतं."

रवळूला आचार्य आपल्याबरोबर घेऊन गेले. जाताना शिष्य त्याला म्हणाला, "पुढच्या सभेला ये. त्याच झाडाखाली उभा राहा. काय होईल ते मला सांगता येत नाही." रवळूने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही.

सभेपर्यंतचे दिवस शिष्याने कसे काढले, ते त्याचे त्यालाच ठाऊक. नाईकांना वाटले, बैलजोडी पोचली. शिष्याने त्यांना तसे सांगितले नव्हते. त्यांनी विचारलेही नव्हते.

सभेला सारे खोरे लोटले होते. तरणी पोरे कमरा कसून पुढे बसली होती. नाईक बोलले, उत्तम बोलले. मग शिष्य हजेरीसाठी पुढे आला. त्याने मैदानावरून नजर फिरवली. मोहाखाली गर्दी होती. त्याला हवे ते तोंड काही दिसले नाही.

"आज उत्तर तुम्ही देऊ नका," तो म्हणाला. "ज्याचं नाव पुकारीन, त्यानंच द्यावं."

लोकांना वाटले, पंडितांनी काहीतरी नवे काढले. त्याने पहिले नाव पुकारले आणि तो थांबला. उत्तर आले नाही. दुसरे पुकारले. पुन्हा थांबला. त्या मैदानातून नदीचा आवाज ऐकू येतो, हे त्या दिवशी लोकांना पहिल्यांदा कळले. प्रत्येक नावामागे तेवढाच आवाज येत राहिला. कुठल्याशा नावाला मागून एका बाईचा हुंदका आला. तो दाबायचा तिने प्रयत्न केला आणि तिला जमले नाही. मग दुसरीकडून आला. इतके दिवस 'हजर' म्हणून गर्जणाऱ्या त्या माणसांना, आपली माणसे मेली आहेत, हे त्या दुपारी समजले.

शेवटी शिष्याने पुकारले, "रवळू!"

नाईकांची नजर त्याच्या पाठीत रुतत होती. कुणी हलले नाही. शिष्य थांबला. रवळू निघून गेला असेल, असे त्याला वाटले; आपण फार उशीर केला असेही वाटले. तरी तो थांबून राहिला. त्या उभ्या मैदानात त्याच्याएवढे एकटे दुसरे कुणी नव्हते.

मोहाच्या झाडामागून एक चिरका, घाबरा आवाज आला. "ह... हजर."

माना वळल्या. काठी टेकत एक लंगडा माणूस पुढे येऊ लागला. जयजयकार झाला नाही. लोक वाट देत होते, पण त्याच्याकडे पाहत नव्हते. कुणीतरी "पळपुटा!" म्हणाले, आणि तो शब्द एकदोघांनी उचललाही.

तेव्हा पुढच्या घोंगडीवरून विठाई उठली. ती आवाजालाच उठली होती. गर्दीतून वाट काढत गेली, लेकासमोर उभी राहिली, आणि तिने त्याच्या खांद्यावर एक जोराचा धपाटा घातला. "मेल्या, इतकं दीस कुठं हुतास?" एवढे म्हणाली आणि मग ती रडली. मधल्या सगळ्या दिवसांचे रडू तिने तिथे उभ्याने रडून घेतले. 'पळपुटा' म्हणणारे गप्प झाले.

शिष्य म्हणाला, "रवळू पुरात 'पाण्याला मालक नाही' असं म्हणाला नव्हता. 'दोर ओढा' म्हणाला होता. कुणी ओढला नाही. ते दुसरे शब्द माझे होते." त्याने आयुष्यात केलेले हे सर्वांत लहान भाषण. ते संपवून तो खाली बसला.

त्या दिवशी उताराकडे कुणी निघाले नाही. पुढे पुष्कळ महिने लढाई चालली आणि कर काही प्रमाणात उतरला, असे सांगतात. नाईक शिष्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. त्यांना दुसरा पंडित मिळाला, मोठा वाकबगार होता म्हणे. शिष्य आचार्यांच्या कुटीत परतला. काही काळाने आचार्य गेले आणि तिथे तो एकटाच उरला. शिकायला फारसे कुणी येत नसे. रवळू अधूनमधून नाव वल्हवत येई, दोघे काठावर बसत, बोलणे थोडेच होई. गावाने रवळूला घरात घेतले, मनात तितकेसे घेतले नाही. लोकांना पाण्यात उभा असलेला तो दुसराच रवळू जास्त आवडे. त्याच्याच नावेत बसून, त्याच्याच देखत, ते त्या दुसऱ्याची गोष्ट रंगवून सांगत. रवळू वल्हे मारता मारता एका हाताने कान खाजवी.

शिष्य मात्र नंतर कुठल्याही सभेला गेला, तर वक्त्याकडे पाठ करून बसे. लोक त्याला विक्षिप्त म्हणत. त्याला त्याचे काही वाटत नसे. तो कडेला उभ्या असलेल्यांत एक मिटलेले तोंड शोधत असे.

तुम्हीही कधी अशा सभेला जाल. वक्ता चांगला असेल, प्रश्न खरा असेल, आणि कुणा न परतलेल्याचे नाव पुकारले जाईल. तेव्हा 'हजर' म्हणण्याआधी जरा थांबा. तो दोर ओढायला सांगत असेल.